कुलूप शाबूत, सायकली गायब

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या इंदिरानगरला आमची चोवीस घरांची सोसायटी आहे. तिथे आम्ही सायकलींसाठी पत्र्याची शेड करून घेतली होती. दाराला जाड पितळी कुलूप, चावी वॉचमनकाकांकडे. श्रावणातल्या एका सकाळी काका शेड उघडायला गेले. कुलूप जसंच्या तसं होतं, दारही बंद. आत मात्र पाचांतल्या दोनच सायकली उरल्या होत्या. मागच्या बाजूचा एक पत्रा उतरवून भिंतीला टेकवलेला होता आणि त्याचे स्क्रू खाली पडलेले होते. चोराने काहीच तोडलं नव्हतं. बाहेरून पाना लावला, स्क्रू फिरवले आणि सायकली घेऊन गेला.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काम केलं आहे. शेड उभी राहत असताना मी रोज तिथे जात होतो. पण त्या स्क्रूंचे माथे बाहेर आहेत, हे मला खटकलं नाही, याची बोच अजून जात नाही. गेलेल्या सायकलींमध्ये एक दहावीतल्या मुलीची होती आणि एक पाथर्डी फाट्याहून कामाला येणाऱ्या मावशींची, त्या रात्री नेमकी इथेच राहिलेली. मुलीला आठवड्याभरात नवी सायकल मिळाली. मावशी दोन महिने चालत येत होत्या.

नाशिक हे सायकलवर जीव असलेलं गाव आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिककर बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. पहाटे गंगापूर रोडला उभं राहिलं, तर सोमेश्वरकडे निघालेल्या सायकलींची रांग दिसते. चांगल्या सायकलीला आज तीस-चाळीस हजार सहज पडतात. आणि रात्री ती कुठे असते? जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, पाण्याच्या पाइपला एक बारीक साखळी अडकवून. म्हणून आज मी लोखंडी शेडबद्दल सविस्तर बोलणार आहे.

शेड विकणारा तुम्हाला आधी पत्र्याची जाडी सांगेल, तीही 'गेज' या मापात. ती महत्त्वाची आहेच. गेजचा आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, हे आधी ध्यानात ठेवा. बावीस गेज ऐकायला भारी वाटतो, पण तो अठरा गेजपेक्षा पातळ असतो. त्यामुळे बोलणं गेजमध्ये करू नका, मिलिमीटरमध्ये करा. एक मिलिमीटरच्या आसपासचा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि आत चौकोनी पाइपचा किंवा अँगलचा सांगाडा, एवढं घरगुती शेडला पुरतं. पत्रा आला की मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, लावून बघा. तुमच्याकडे नसेल, तर सातपूर-अंबडला काम करणारा कुणी ना कुणी तुमच्या इमारतीत असेलच. लोखंडी कामाचा भाव बहुधा किलोवर ठरतो, तेव्हा माल काट्यावर मोजून घ्यायला संकोच करू नका.

पण चोर पत्रा कापत बसत नाही. ग्राइंडर लावला तर सगळी गल्ली जागी होते. तो जोड शोधतो. त्यामुळे शेडभोवती एक फेरी मारा आणि स्वतःला विचारा, हातात पाना आणि स्क्रू ड्रायव्हर असेल तर मला बाहेरून काय काय सोडवता येईल? याचं उत्तर 'काहीच नाही' असं यायला हवं. बाहेर फक्त गुळगुळीत गोल माथ्याचे बोल्ट दिसावेत, सगळे नट आतल्या बाजूला असावेत. वेल्डिंग केलं तर जोडावरचं जस्त जळतं, गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून त्या जागांवर जस्ताचा प्रायमर लावून मगच रंग द्यायला सांगा.

दाराचंही असंच. बिजागरीची खीळ बाहेर असेल, तर ती ठोकून काढता येते आणि दार कुलपासकट उचलून बाजूला ठेवता येतं. बिजागऱ्या आत हव्यात. ते जमत नसेल, तर खिळीची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करून घ्या आणि दाराच्या आतून, बिजागरीच्या बाजूला, चौकटीत शिरणारे दोन खुंट बसवा. कडी-कोयंडा स्क्रूवर कधीही नको. आपल्या लोखंडी कपाटाची मूठ फिरवली की वर आणि खाली दांडे सरकतात, तशीच व्यवस्था शेडच्या दाराला करता येते. नुसत्या मधल्या कडीवर असलेलं दार वरच्या कोपऱ्यातून पहारीने वाकवता येतं. असे दांडे असले की ते वाकत नाही. कुलपाभोवती खालून उघडी अशी छोटी लोखंडी पेटी वेल्ड करून घ्या. हात आत जातो, चावी लागते, पण कटरचे लांब दांडे आत वळत नाहीत.

इंग्लंडमध्ये सायकलीची कुलपं आणि शेड तोडून पाहणारी 'सोल्ड सिक्युअर' नावाची संस्था आहे. ती ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते, आणि तिथला गिऱ्हाईक तो शिक्का बघून माल घेतो. आपण शेड कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतो, तेव्हा शिक्का मारायला कुणी येणार नाही. ही तपासणी आपणच करायची आहे.

आता पाया. खरं तर सगळं इथेच ठरतं. नुसत्या फरशीवर ठेवलेली शेड चार माणसं उचलून तिरकी करू शकतात, आणि वळवाच्या पावसाआधीचं वारं तर एकटंच ते काम करतं. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर दोन वर्षांत तो तडकतो आणि चौकट वाकडी होऊन दार अडायला लागतं. फूटभर माती काढा, दगड रचून सोलिंग करा, मुरूम टाकून धुमसने ठोकून दाबा आणि त्यावर चार-पाच इंचांचं काँक्रीट घाला. जमिनीपेक्षा थोडं उंच, म्हणजे पाणी आत येणार नाही.

काँक्रीट ओतण्याआधी एक काम करायचं असतं, नंतर ते करता येत नाही. सोळा मिलिमीटरची सळई उलट्या यूसारखी वाकवून, खालच्या टोकांना आडव्या सळ्या वेल्ड करून, ती जागेवर उभी ठेवा. काँक्रीट घट्ट झालं की जमिनीतून वर आलेली पक्की कडी मिळते. सायकलीची साखळी फ्रेममधून आणि मागच्या चाकातून घेऊन या कडीला लावायची. शेड फुटली तरी चोराला दुसरी लढाई द्यावी लागते. सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच शेड बारा मिलिमीटरच्या अँकर बोल्टने आतून आवळा. बोल्ट काँक्रीटच्या कडेपासून चार इंच तरी आत असू द्या, नाहीतर कड फुटते.

माप घेताना माणसं फसतात. मोठी सायकल साधारण पावणेसहा फूट लांब असते, हँडल दोन-सव्वादोन फूट रुंद. तीन सायकली एकाच दिशेने उभ्या केल्या तर हँडल हँडलला अडतं. एक आड एक उलट्या उभ्या केल्या की साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद शेडमध्ये तीन नीट बसतात. पण आधी जमिनीवर खडूने चौकोन आखा, सायकली आणून उभ्या करा आणि मधली सायकल बाहेर काढून बघा.

आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून दार शक्यतो पूर्वेला ठेवा. छपराला मागच्या बाजूला उतार द्या. वर आणि खाली जाळीच्या झडपा हव्यातच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्रा गार पडतो, आतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि ते थेट चेनवर ठिबकतं. विजेवरची सायकल असेल, तर बॅटरी काढून घरात न्या. मे महिन्यात त्या पत्र्याखाली ती ठेवू नका आणि तिथे चार्जिंगला तर मुळीच लावू नका. जागा अशी निवडा की चार खिडक्यांतून दार दिसेल आणि रात्री दिवा राहील. अग्निशमनाच्या गाडीची वाट मोकळी ठेवा. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात एकदा विचारून मगच खोदकाम सुरू करा.

आमची दुसरी शेड अशी बांधली. या खेपेला प्रत्येक बोल्ट मी स्वतः आवळला. आत दाराच्या मागे एक वही टांगली आहे. बहुतेक सायकलींच्या पायडलच्या जोडाखाली, फ्रेमच्या पोटाशी, नंबर कोरलेला असतो. तो या वहीत लिहिलेला आहे आणि त्याचा फोटो मालकाच्या फोनमध्ये आहे. आमच्या तिन्ही सायकली गेल्या, तेव्हा पोलिसांनी पहिल्यांदा हाच नंबर विचारला होता, आणि आमच्यापैकी कुणाकडेही तो नव्हता.

वहीतलं पहिलं नाव मावशींचं आहे. सोसायटीने वर्गणी काढून त्यांना सायकल घेऊन दिली. दाराजवळची कडी त्यांची, कारण सकाळी सातला शेडमध्ये पहिली सायकल त्यांचीच येते.

नमस्कार.