कानस घसरते, तरी जर्नल मऊ

(पडद्यावर: टेबलावर ठेवलेला क्रँकशाफ्ट. कानशीचा आवाज.)

ऐका. कानस पोलादाला धरत नाही, नुसती घसरते, म्हणजे पोलाद कठीण. हा मिनी कूपर एस या गाडीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणारा इंजिनाचा दांडा. तीन मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग), चार पिना (कनेक्टिंग रॉड जोडतात त्या), ईएन-४०बी जातीचं क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद. याच गाडीच्या १०७१ सीसी इंजिनावर पॅडी हॉपकर्क यांनी १९६४ची माँटे कार्लो रॅली जिंकली.

पण कानस आपण वेबच्या, म्हणजे जर्नल आणि पिना जोडणाऱ्या भागाच्या, कडेवर चालवली, जर्नलवर नाही. फसगत होते ती इथेच.

हा शाफ्ट नायट्रायडिंग केलेला आहे. बंद भट्टीत, सुमारे ५०० अंश सेल्सियसला अमोनिया सोडतात. तापलेल्या पोलादाला लागून अमोनिया फुटतो आणि त्यातला नायट्रोजन आत मुरत जातो, लोणच्यात मीठ मुरावं तसा, तासन्‌तास. क्रोमियमशी गाठ पडली की नायट्राइडचे अतिशय बारीक, कठीण कण तयार होतात. लोहारासारखं लालभडक तापवून पाणी पाजणं इथे नाही, म्हणून शाफ्ट फारसा वाकत नाही. शिवाय नायट्रोजन शिरलेला थर फुगू पाहतो आणि आतला गाभा त्याला दाबून धरतो. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई, जिथून क्रँक बहुधा तुटतो, तिला हा दाब तड्यापासून वाचवतो. मला या प्रक्रियेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

हा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतलाच. जर्नल झिजले, २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज, म्हणजे व्यास तेवढा कमी करून, ग्राइंडिंग झालं, की प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटर गेलं, आणि तेही सगळ्यात कठीण. वेबला मात्र ग्राइंडिंगचा दगड लागलेलाच नसतो. तिथे कानस अजूनही घसरते.

मग पुन्हा भट्टी. पण त्याआधी तड्यांसाठी चुंबकीय तपासणी. तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतला गाळ धुवायचा. ग्राइंडिंग करताना किंचित माप राखायचं, कारण नायट्रायडिंगने व्यास जरासा वाढतो. भट्टीतून आल्यावर व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) फिरवून डायल गेजने सरळपणा बघायचा, आणि वरचा ठिसूळ पांढरा पापुद्रा लॅपिंगने, म्हणजे अगदी बारीक घासून, काढायचा.

(पडद्यावर: जर्नलवर मायक्रोमीटर.)

असा शाफ्ट विकत घेताना कानस खिशातच ठेवा. मेन जर्नल मूळचा २ इंचांचा. मायक्रोमीटर १.९८ दाखवत असेल, तर ग्राइंडिंगनंतर नायट्रायडिंग झालं होतं का, हे विकणाऱ्याला आधी विचारा.