रिव्हरला बुडालेला माणूस

(पहाटेचे पावणेपाच. पणजीची जेट्टी. फ्रेम हलतीय, मला झोप अनावर झालीय.)

हा जो कॅसिनोच्या होडीतून उतरतोय ना, रात्रभर पोकर खेळून, हात खिशात, मान खाली, हा माझा मित्र. नाव सांगत नाही, वहिनी यूट्यूब बघतात. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर असतो, जॉबचं माप केसभर चुकलं तरी बाजूला फेकणारा माणूस, पण आज त्याचंच माप चुकलंय म्हणे आणि ते पण त्याच्या चुकीनं नाही, नशिबानं. गाडीत बसला, बेल्ट लावला आणि पहिलं वाक्य बोलला.

"एक्के होते गा. दोन एक्के."

साखळी गेली, केरी गेलं, घाट सुरू झाला, वाक्य तेच.

(घाटातलं धुकं. गाडीचा पिवळा लाईट.)

ज्यांनी फक्त दिवाळीत तीन पत्ती खेळलीय त्यांच्यासाठी सांगतो. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोनच पत्ते, आणि टेबलाच्या मधोमध पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे सामायिक. आधी तीन एकदम येतात तो फ्लॉप, मग एक टर्न, आणि शेवटचा एक त्याला म्हणतात रिव्हर. नदी. आता गंमत बघा, हे कॅसिनोचं जहाज उभं कुठं तर मांडवीत, आणि मांडवी म्हणजे आमचीच म्हादई, आमच्या खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावती आणि घाट उतरून गोव्यात गेली की मांडवी होती. पाण्यावरून दोन राज्यांची किती वर्षं कोर्टकचेरी चाललीय, पण शनिवारी रात्री ह्याच घाटानं आमच्या पोरांचा जो पैसा खाली वाहतो त्याच्यावर कुणाची हरकत नाही. वर आणि गोवेकरांनाच तिथं खेळायला बंदी, 2020 च्या फेब्रुवारीपासून. बेळगावचा, कोल्हापूरचा, हुबळीचा चालतोय.

बरं, डाव काय झाला. ह्याच्याकडं बदामचा एक्का आणि इस्पीकचा एक्का. ही जोडी 221 डावात सरासरी एकदा येती, टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे एका अख्ख्या शिफ्टला एकदा असं धरा. ह्यानं फ्लॉपच्या आधीच सगळ्या चिप्स पुढं सारल्या, ऑल-इन. समोरच्याकडं अठ्ठ्याची जोडी, आणि चिप्स ह्याच्यापेक्षा जास्त, त्यानं कॉल केला. फ्लॉपला राजा, पंजा, दुर्री. टर्नला गुलाम. राहिलेल्या 44 पत्त्यात अठ्ठे फक्त दोन. रिव्हरला किलवरचा अठ्ठा. त्याचे तीन अठ्ठे, ह्याचे दोनच एक्के, तीन दोनाला भारी.

बक्षिसाला दोन जागा कमी असताना हा बाहेर. त्याला बबल म्हणतात, टूर्नामेंटमध्ये शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांनाच पैसे मिळतात आणि त्या रेषेच्या अलीकडं जो मरतो तो सगळ्यात वाईट मरतो, आठ तास बसून हातात शून्य. बाय-इन, म्हणजे खेळायला बसायची फी, ती ह्याच्या महिन्याभराचा ओव्हरटाईम.

"बावीसात एक चान्स होता त्याचा," हा म्हणाला. "बावीसात एक, मर्दा!"

हिशेब बरोबर आहे, 44 ला दोन म्हणजे बावीसाला एक. पण मला तिथंच खटकलं, कारण ह्याच्या चिप्स रिव्हरच्या आधी नाही गेल्या, त्या गेल्या फ्लॉपच्याही आधी, आणि त्या वेळी अठ्ठ्याच्या जोडीला एक्क्यांविरुद्ध पाचात जवळजवळ एक चान्स असतोय. पाचात एक म्हणजे काय अघटित नाही. लाईट जाणं त्याच्यापेक्षा अवघड आहे आमच्याकडं. पण कहाणी सांगताना माणूस शेवटच्या पत्त्यापासून सांगतोय, म्हणून ती बावीसाची होती.

(जुन्या फोटोवर हळूहळू झूम.)

2003 साली लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट झाला, 839 खेळाडू. त्यात ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक अकाउंटंट, ऑनलाईन छोटी स्पर्धा जिंकून आलेला, आणि समोर फिल आयव्ही, तेव्हाच दबदबा असलेला प्रोफेशनल. दहा जण उरलेत, फायनल टेबलला नऊ बसणार. मनीमेकरकडं एक्का-राणी, आयव्हीकडं नव्व्याची जोडी. फ्लॉपला दोन राण्या आणि छक्का, म्हणजे मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या, आयव्ही खड्ड्यात. टर्नला नव्वा! आयव्हीचं फुल हाऊस, तीन नव्वे आणि दोन राण्या, आता मनीमेकर खड्ड्यात, आणि ह्याच वेळी आयव्हीच्या सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. 44 पत्त्यातले सातच मनीमेकरला वाचवणारे. रिव्हरला एक्का, मनीमेकरच्या तीन राण्या आणि दोन एक्के, त्याचं फुल हाऊस मोठं. आयव्ही दहावा, घरी. मनीमेकर पुढं जाऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला आणि जगभर पोकरचं वेड लागलं.

आता सांगा, नशीब कुणाचं फुटकं? रिव्हरपासून सांगितलं तर आयव्हीचं. फ्लॉपपासून सांगितलं तर आधी मनीमेकरचं. पत्ते तेच की.

आणि टूर्नामेंटचं दुखणं वेगळंच. कॅश टेबलावर हरला तर खिशात हात घालून परत बसता येतंय. टूर्नामेंटमध्ये री-एंट्रीची, म्हणजे परत पैसे भरून बसायची वेळ संपली की एकदा सगळं गेलं म्हणजे गेलं, खुर्ची दुसऱ्याची. समजा तुम्ही इतके हुशार की प्रत्येक वेळी शंभरात 80 चान्स तुमच्या बाजूनं असतानाच ऑल-इन करता, आणि समोरच्याकडं दरवेळी तुमच्यापेक्षा जास्त चिप्स. तीनदा असं केलं की टिकण्याचा चान्स उरतो 51. पाचदा केलं तर 33. आठदा केलं तर 17. सगळं बरोबर खेळून सतरा! मी हे मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं, आपलं काहीतरी चुकतंय वाटलं, नाही चुकत.

राजांची जोडी आली तर दुसरीच भीती. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडं दोन राजे असताना उरलेल्या आठातल्या कुणाकडं तरी एक्क्यांची जोडी असण्याचा चान्स शंभरात चार. त्याला कूलर म्हणतात, त्यात कुणाचीच चूक नसती, फक्त हरणाऱ्याला ते पटत नाही.

जिंकला तरी काय, दहा हजारांच्या वर गेलं की 30 टक्के टीडीएस, आणि आधीच्या दहा स्पर्धांत घालवलेले ह्यातून वजा करता येत नाहीत, कायदाच तसा आहे. वर जीएसटी, तो 2025 च्या सप्टेंबरात 28 चा 40 टक्के झाला. चांगला हात असून नशिबानं हरलं की त्याला बॅड बीट म्हणतात, ह्याला कुणी बॅड बीट म्हणत नाही बघा.

मोबाईलवरचा पर्याय होता. कर्नाटकानं 2021 ला ऑनलाईनवर बंदी आणली, 2022 ला हायकोर्टानं ती उडवली, पोरं परत लागली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्यानं पैशाचं ऑनलाईन सगळंच बंद. मग उरला हा चोर्ल्याचा घाट.

(कणकुंबी. चहाची टपरी. उजाडलंय.)

मलप्रभेच्या उगमाचं गाव. इथं थांबायचंच, रीत आहे. चहावाल्या मामांनी ह्याच्याकडं एकदा बघितलं आणि न विचारता साखर जास्त घातली. मामांना शनिवारची परतीची तोंडं पाठ आहेत.

मी पण रात्रभर रेलिंगपाशी उभा राहून बघत होतो, त्यामुळं मला एक आठवत होतं. एक्क्यांच्या तासभर आधी हा एक्का-नव्वा घेऊन ऑल-इन गेलेला, समोर एक वयस्कर काका, एक्का-राजावाले. ह्याचा चान्स चारात एक. टर्नला नव्वा आला, हा ओरडला, काकांनी टेबलावर दोनदा बोटं टकटकवली, वेल प्लेड म्हणाले आणि चष्मा पुसत उठून गेले. त्या चिप्स नसत्या तर हा एक्क्यांपर्यंत पोचलाच नसता.

"त्या काकांचं काय?" मी विचारलं.

"कुठले काका?"

"चष्मेवाले. एक्का-राजा. तुझा नव्वा आला बघ टर्नला."

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, खरंच आठवून बघितलं. कॅमेरा चालू होता, खोटं नाही सांगत.

"असतील," म्हणाला. मग बशी खाली ठेवून मामांकडं वळला. "मामा, एक्के होते बघा माझ्याकडं. दोन एक्के."