महत्त्व क्षेत्राचं नव्हे, कामाचं

नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठीच्या ईबी-२ वर्गात (उच्च शिक्षण किंवा असाधारण क्षमता असलेल्यांच्या वर्गात) नोकरीची ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन (या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही, असा तिथल्या कामगार खात्याचा दाखला) या दोन्हींतून सूट. त्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१४०, आपला आपण भरता येतो, कंपनी लागत नाही. अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने डिसेंबर २०१६ मध्ये धनसार नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात दिलेल्या निकालापासून कसोट्या तीन : कामाचं मोल आणि राष्ट्रीय महत्त्व, ते पुढे नेण्याची तुमची कुवत, आणि सूट देण्यात देशाचं हित. आज पहिलीबद्दलच बोलू, कारण तिथेच बरेच जण अडतात.

धनसार निकालातलाच एक तपशील पाहा. अर्जदार एरोस्पेस इंजिनिअर होता. हायपरसॉनिक प्रॉपल्शनवरच्या त्याच्या संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व आहे, हे मान्य झालं. वर्गात शिकवण्याला मात्र नाही. शिकवणं मोलाचं खरं, पण त्याचा परिणाम त्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे जातो, हे कागदोपत्री दिसलं नाही. माणूस तोच, विषय तोच, निष्कर्ष दोन.

आता हे वाक्य घ्या : ‘मी अमेरिकेत सायबरसुरक्षा तज्ज्ञ म्हणून काम करीन.’ हा झाला पेशा. सायबरसुरक्षा महत्त्वाची आहे हे अधिकाऱ्याला पटवायला साठ पानं जोडायची गरज नाही, ते त्याला ठाऊक असतं. त्याऐवजी असं लिहा : ‘छोट्या गावांच्या पाणीपुरवठा केंद्रांतल्या नियंत्रण यंत्रणेत झालेली घुसखोरी ओळखणारी स्वस्त पद्धत तयार करून ती सर्वांना खुली करणार.’ आता पुरावा कुठे शोधायचा तेही कळतं : नेमक्या याच धोक्याबद्दलचे सरकारी इशारे, चाचणीचे निकाल, पद्धत वापरू इच्छिणाऱ्या केंद्रांची पत्रं. काम एका राज्यापुरतं असलं तरी चालतं, फक्त त्याचा परिणाम तुमच्या मालकाच्या आणि गिऱ्हाइकांच्या पलीकडे पोचला पाहिजे.

शिफारसपत्रांत तर हमखास घोळ होतो. ‘अत्यंत हुशार, मेहनती’ ही स्तुती दुसऱ्या कसोटीची, पहिलीला तिचा काडीचा उपयोग नाही. त्यात पाच पत्रांत एकच परिच्छेद सापडला की पाचही पत्रं संशयास्पद ठरतात. ‘या क्षेत्रात माणसं कमी आहेत’ हा मुद्दाही एकटा टिकत नाही, कारण मनुष्यबळाच्या टंचाईसाठीच तर लेबर सर्टिफिकेशनची सोय आहे. रोजगार निर्माण करणार म्हणत असाल तर आकडा कुठून आला ते हिशेबासकट दाखवा.

अधिकाऱ्याला पुरावा अपुरा वाटला तर आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस, येते. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस, टपालाने आली तर वर ३. या टप्प्यावर बरेच जण कामाचं वर्णनच बदलून टाकतात. ते चालत नाही, पात्रता अर्ज भरल्या दिवशीची धरतात. खुलासा करा, नवं काम घुसडू नका.

भारतात जन्मलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मंजुरीनंतरही ग्रीन कार्डाची रांग आहेच, आणि रांगेतली जागा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरते. आधीच्या कंपनीच्या मंजूर आय-१४० ची जुनी तारीख सहसा इथे वापरता येते. तशी तारीख नसेल आणि हा अर्ज फेटाळला गेला, तर तारीखही गेली.