इंजिनाच्या उष्णतेवर आंघोळ

[दृश्य: हॅटन, सकाळ. अरुंद बोट लॉकमध्ये शिरते आहे.]

इंग्लंडमध्ये वॉरिक गावाबाहेर ग्रँड युनियन कालवा चक्क टेकडी चढतो. त्यासाठी ओळीनं 21 लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणारे दारांचे हौद आहेत. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, बोट वर आली की पुढचं लॉक. सगळी मिळून चढण सुमारे 45 मीटर, आणि त्यात तीन-चार तास सहज जातात. जड दारं ढकलून पाठ बोलायला लागते. वर पोहोचल्यावर हवा असतो चहा आणि कढत पाण्याची आंघोळ. चहाला गॅस आहे. आंघोळीचं पाणी इंजिनानं वाटेतच तापवून ठेवलेलं असतं.

[दृश्य: इंजिनाची खोली. दिव्याचा उजेड रबरी होजवर.]

डिझेल जळतं तेव्हा त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश ताकद बोट ढकलते. तेवढीच धुराबरोबर जाते. उरलेली उतरते कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्याभोवती फिरणाऱ्या पाण्यात. कालव्यावरच्या या बोटी थंड होण्यासाठी सहसा कालव्याचं पाणी इंजिनात घेत नाहीत, कारण गाळ, पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या त्याबरोबर आत येतील. त्याऐवजी बोटीच्या पोलादी पत्र्याला आतून एक चपटी टाकी वेल्ड केलेली असते. कूलंट तिच्यातून फिरतं आणि पत्र्यातून आपली उष्णता बाहेरच्या पाण्याला देऊन टाकतं. म्हणजे कालव्यातले मासे शेकतात आणि बोटवाला गार पाण्यानं भांडी घासतो!

ही उष्णता वाटेत अडवायला कॅलोरिफायर, म्हणजे नळाचं पाणी तापवणारी टाकी बसवतात. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून जाळ जायचा आणि भोवतीचं पाणी तापायचं. इथे त्या नळीच्या जागी वेटोळं आहे आणि जाळाच्या जागी 80 अंशांच्या आसपासचं कूलंट. बाहेरून जाड फोमचं वेष्टण. कूलंटमध्ये गोठणरोधक ग्लायकॉल असतं, आणि ते विषारी. म्हणून वेटोळ्यातलं पाणी आणि नळाचं पाणी कधीच एकत्र येता कामा नये.

55 लिटर पाणी 15 अंशांवरून 65 अंशांवर न्यायला विजेवर सव्वातीन युनिट लागले असते. इथे ते काम टाकाऊ उष्णतेवर होतं.

[दृश्य: हात थर्मोस्टॅटच्या घराकडे बोट दाखवतो.]

खरी मेख जोडणीच्या जागेत आहे. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापल्यावरच त्याला चपट्या टाकीकडे सोडणारी झडप. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, कूलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. होज थर्मोस्टॅटच्या पलीकडे, चपट्या टाकीच्या वाटेवर जोडला, तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कॅलोरिफायर कोरडाच बसतो. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, इंजिनावर फारसा भार नाही, त्यामुळे तो उघडतोही जेमतेम. म्हणून गरम कूलंट घ्यायचं थर्मोस्टॅटच्या अलीकडून, इंजिनाच्या हेडजवळून, आणि परत सोडायचं वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला. दोन्हीकडच्या दाबातला फरकच प्रवाह चालवतो, वेगळा पंप नको. आणि ही फांदी समांतर हवी. मुख्य वाटच वेटोळ्यातून नेली आणि वेटोळं तुंबलं, तर पाणी तापणं राहील बाजूला, इंजिनच जाईल.

[दृश्य: होजवर हात ठेवून पाहणारा माणूस.]

आता सगळ्यात चिवट शत्रू: हवा. कॅलोरिफायर इंजिनाच्या भरणटाकीपेक्षा (जिच्यातून कूलंट भरतात तिच्यापेक्षा) उंच बसवला, किंवा होज वाटेत कमानीसारखा वर उचलला गेला, की तिथे एअर धरते आणि प्रवाह ठप्प. तपासायला उपकरण लागत नाही. इंजिन अर्धा तास चालवा आणि दोन्ही होजना हात लावा. एक धरवत नाही इतका गरम आणि दुसरा गारढोण, तर एअर आहे असंच समजायचं. इंजिन पूर्ण निवू द्यायचं. गरम असताना भरणटाकीचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर वाफ घेणं. मग सर्वात उंच जागेवरचा एअर-स्क्रू सैल करायचा. आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखे चार थेंब, मग सलग धार. धार लागली की स्क्रू आवळायचा, कूलंट भरायचं, पुन्हा चालवून पातळी बघायची. जागाच उंच असेल तर तिच्याहून उंच वेगळी भरणटाकी बसवण्याला पर्याय नाही.

नळाच्या बाजूलाही लक्ष हवं. तापताना 55 लिटरचं पाणी साधारण एक ते दीड लिटरनं फुगतं. गार पाण्याच्या वाटेवर एकदिशा झडप असते, मग ते जाणार कुठे? त्यासाठी प्रसरण-टाकी आणि दाब सोडणारी झडप. शिवाय नळाला 80 अंशांचं पाणी आलं तर हात भाजेल, म्हणून गार पाणी मिसळणारी थर्मोस्टॅटिक झडप. पैसे वाचवायला ती गाळणारे भेटतात. घरात लहान मूल असेल तर त्यांचं ऐकू नये.

इंजिन बंद झाल्यावर गरम पाणी उलट्या वाटेनं इंजिन तापवत बसू शकतं. कूलंटच्या फांदीवर एक हलकी एकदिशा झडप ते थांबवते. ते महत्त्वाचं, कारण बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री 8 ते सकाळी 8 चालवायचं नाही, असा कालवा सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम आहे. संध्याकाळी तापलेलं पाणी सकाळच्या आंघोळीपर्यंत पुरवायचं असतं.