वेग कमी केला, वीज किती वाचली?

(विश्रामबाग, सांगली येथे सोसायट्यांच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, दिवे एलईडीचे झाले, तिथली बचत आपण करून बसलो. गिझर आणि इस्त्री बाजूला ठेवली, तर बिलात उरतं ते मुख्यतः फिरणाऱ्या मोटरचं: पंखा, फ्रिज, एसी, पाण्याचा पंप.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची येते (हीच तिची फ्रिक्वेन्सी) आणि घरोघरी असते ती साधी इंडक्शन मोटर त्या आकड्याला बांधलेली असते. चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची असेल तर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा खाली, दोन पोलची असेल तर ३००० च्या जरा खाली. काम थोडं असो की फार, वेग जवळपास तोच. व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह तिला यातून सोडवतो. येणाऱ्या एसी विजेची, म्हणजे दिशा पलटत वाहणाऱ्या विजेची, आधी एकाच दिशेने वाहणारी डीसी करतो, त्या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सीची नवी एसी वीज मोटरला देतो. फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही उतरवतो.

यात बचत कुठून येते? पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप यांचा वेग उतरवला की हवा-पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाने उतरते. वेग ८० टक्के केला तर ०.८ तीनदा गुणा, ०.५१२ येतात. हवा पाचव्या हिश्शाने घटली आणि शक्ती निम्म्यावर आली.

मग रेग्युलेटरने पंखा हळू केला की हीच बचत होते का? नाही होत. जुना डब्यासारखा रेग्युलेटर उरलेली वीज स्वतःच तापून घालवायचा. आताचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसा तापत नाही, पण तो फक्त व्होल्टेज तोडतो, फ्रिक्वेन्सी ५० च राहते. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मागे रेंगाळतो आणि जितका मागे पडतो तितकी उष्णता रोटरमध्येच जिरते. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या पंख्यात रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि छोटा ड्राइव्ह पंख्याच्या पोटातच बसवलेला असतो. साधा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० च्या आसपास. रोज बारा तास आणि वर्षाचे आठ महिने धरले, तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिट वाचतात, तीन पंख्यांचे ३९०. ही युनिटं बिलाच्या वरच्या टोकातून कमी होतात. तुमचा महिन्याचा वापर तीनशेच्या बराच पुढे जात असेल, तर वाचतात ती महागड्या स्लॅबमधली. वीज गेल्यावर बॅटरीही जास्त वेळ पुरते. घरात एकच गोष्ट बदलायची असेल तर मी पंखाच सांगेन.

इन्व्हर्टर एसी आणि फ्रिज यांचं तत्त्वही हेच. कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू-बंद होण्याऐवजी मंद चालत राहतो. एसी दिवसाकाठी तासभरच लावत असाल, तर जादा किंमत वसूल व्हायला वेळ लागेल.

आता पंप. आपल्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, पंप इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. तरीही ड्राइव्हच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा थांबतो. शक्तीचा घनाचा नियम खरा, पण पाणी वर ढकलायची ताकद, आपण जिला हेड म्हणतो, तीही वेगाच्या वर्गाने उतरते. समजा, तुमचा पंप पूर्ण वेगाला जास्तीत जास्त ४० मीटर पाणी चढवतो आणि टाकी ३० मीटरवर आहे. वेग ८० टक्के केला की हेड उरतं २५.६ मीटर. मोटर फिरते, वीज खाते आणि टाकीत थेंब पडत नाही! शिवाय हजार लिटर पाणी ३० मीटर उचलायला कमीत कमी ०.०८ युनिट लागणारच, कोणतंही यंत्र ते कमी करू शकत नाही. अशा ठिकाणी पैसे घालायचे ते योग्य हेडचा पंप, मोठ्या व्यासाचा पाइप आणि न गळणारा फूटव्हॉल्व्ह यांवर.

ड्राइव्ह शोभतो तो सोसायटीच्या प्रेशर पंपाला. सकाळी सात वाजता वीस नळ उघडे, दुपारी दोनच नळ. तिथे दाब बघून पंप वेग बदलतो आणि बचत खरोखर होते.

आणखी एक. घरातल्या कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला बाजारातला ड्राइव्ह जोडू नका. ज्या मोटरमध्ये सुरू होतानाच लागणारी वाइंडिंग (तारेची गुंडाळी) वेग आल्यावर तोडणारा सेंट्रिफ्युगल स्विच असतो, तिथे वेग उतरला की स्विच परत मिटतो, ती वाइंडिंग चालू राहते आणि जळते. ड्राइव्हला थ्री फेज मोटर लागते. सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह मिळतो, पण तो मोटरला सुमारे २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो. म्हणून मोटर तेवढ्या व्होल्टवर चालते का, हे तिच्या पाटीवर वाचा आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पिठाच्या गिरणीबद्दल चिठ्ठी आली आहे. दळताना जात्याला लागणारा जोर वेगाने फारसा बदलत नाही. वेग निम्मा केला तर शक्ती निम्मी, पण तेवढंच पीठ पडायला वेळ दुप्पट. युनिट तेवढीच.