पन्नासची लेन्स आणि सुतळीच्या तीन गाठी

अंबाजोगाईत हौशी छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.

मित्रहो, आज सभागृहात शिरायच्या आधीच मला तिघांनी एकच प्रश्न विचारला. रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघायचा कॅमेरा, हाती आलाय. कुणाला घरातल्या जुन्या पेटीत सोव्हिएत बनावटीचा झोर्की सापडला, कुणी वर्षानुवर्षं पैसे साठवून लायका घेतला. आता त्यावर पन्नास मिलिमीटरची लेन्स कोणती घ्यावी, एफ १.४ ची की एफ २ ची? (एफचा आकडा लहान, तितकं उजेड आत घेणारं छिद्र मोठं.) मी प्रत्येकाला उलट विचारलं, माणसांचे फोटो काढताना तुम्ही त्यांच्यापासून किती लांब उभे राहता? उत्तर कुणालाच देता आलं नाही. मला आज त्या अंतराबद्दलच बोलायचं आहे. काच, कंपनी, छिद्राचा आकडा हे सगळं त्याच्या मागून येतं.

ही माझ्या हातातली लग्नपत्रिका बघा. जाड पुठ्ठ्याची आहे. तिच्यात मी ९ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापली आहे. आपल्या फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते, ही बरोबर तिच्या अडीचपट. कडेला एक सुतळी बांधली आहे आणि तिला तीन गाठी मारल्या आहेत: पावणेनऊ सेंटिमीटरवर, दहावर आणि साडेबारावर. गाठ डोळ्याच्या कडेच्या हाडाला लावायची, पत्रिका समोर धरून सुतळी ताठ करायची आणि दुसरा डोळा मिटायचा. साडेबाराच्या गाठीनं जे दिसतं ते पन्नासच्या लेन्सचं दृश्य. दहाच्या गाठीनं चाळीसचं, पावणेनऊच्या गाठीनं पस्तीसचं. समोरची माणसं तीन मीटरवर असतील तर पन्नासमध्ये दोन मीटरांहून थोडी जास्त रुंदी मावते, म्हणजे दाटीनं बसलेली चार माणसं. पस्तीसमध्ये तीन मीटर. लेन्सवर एक रुपयाही घालण्याआधी आठ दिवस ही पत्रिका खिशात ठेवा. बाजारात, एसटी स्टँडवर, घरच्या ओसरीत डोळ्याला लावा. आपले पाय आपोआप कुठं थांबतात ते बघा.

पन्नासच का, हा प्रश्न जुना आहे. चौकटीचा कर्ण ४३.३ मिलिमीटर भरतो, आणि स्टँडर्ड लेन्स कर्णाच्या आसपासची असावी असा संकेत आहे. त्या हिशेबानं चाळीस जास्त जवळची. पण वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बारनाकनं बनवलेला छोटा कॅमेरा १९२५ मध्ये लायका नावानं बाजारात आला, तेव्हा त्यावर माक्स बेरेकची पन्नासची लेन्स होती, एफ ३.५ ची. पुढं सगळ्यांनी तोच आकडा उचलला. अंतर मोजणारा रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला तो १९३२ मध्ये, लायका टू आणि कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम पन्नासवर केलं. १९४८ मध्ये गांधीजींची अंत्ययात्रा टिपणारा माणूस गर्दीत उभा राहूनसुद्धा त्याच नजरेनं बघत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता रेंजफाइंडरचं वेगळेपण समजून घेऊ, कारण निवड तिथंच ठरते. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघता. इथं तुम्ही बाजूच्या खिडकीतून बघता. लेन्स बदलली तरी खिडकी तीच राहते, फक्त तिच्यातली उजळ चौकट बदलते. त्यामुळं लेन्स घेताना आपण खिडकीचा किती भाग वापरणार हेही ठरवत असतो. १९५४ च्या लायका एम थ्रीची खिडकी जवळजवळ डोळ्याइतकंच मोठं दाखवते, ०.९१ पट. तिच्यात पन्नासची चौकट मोठी आणि ऐसपैस दिसते, शिवाय दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करता येतं. पस्तीसची चौकट त्या खिडकीत नाहीच. पुढच्या एम टूमध्ये मोठेपणा ०.७२ वर आणला तो पस्तीस मावावी म्हणून. तिथं पन्नासची चौकट लहान होते, पण भोवताली मोकळी जागा राहते. मला ती मोकळी जागा आवडते. कीर्तनात टाळकरी चौकटीत शिरायच्या आधीच दिसतो, आणि बोट तयार राहतं. तुमच्याकडं एम थ्री असेल तर पन्नास घ्या, फार विचार करू नका. छोटा लायका सीएल असेल तर त्याच्यासाठीच बनवलेली चाळीसची समिक्रॉन लेन्स आहे, ती अप्रतिम आहे.

सीएलचं नाव निघालं म्हणून एक हिशेब सांगतो. रेंजफाइंडर दोन खिडक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून अंतर मोजतो. तो किती अचूक, हे त्या खिडक्यांमधल्या अंतरावर आणि दृश्याच्या मोठेपणावर ठरतं. त्यांचा गुणाकार एम थ्रीमध्ये सुमारे ६२ मिलिमीटर येतो, सीएलमध्ये जेमतेम १९. आणि एक मीटरवरच्या चेहऱ्यावर पन्नासच्या लेन्सनं एफ १.४ ला जी पट्टी स्पष्ट येते, ती साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नसते. एफ २ ला ती पाचाच्या जवळ जाते. छोट्या कॅमेऱ्यावर मोठ्या छिद्राची लेन्स लावली की डोळे की कान, हे कॅमेऱ्यालाच सांगता येत नाही.

इथं मराठवाड्यात मोठं छिद्र लागतं तरी कुठं? चैत्र-वैशाखातल्या दुपारी आयएसओ ४०० च्या फिल्मवर एफ १६ आणि १/५०० सेकंद असा हिशेब बसतो. शटर १/१००० च्या पुढं जात नाही, म्हणजे एफ ११ पेक्षा मोठं छिद्र उघडायची सोयच नाही. एवढ्या उजेडात १.४ चे पैसे कुलपात पडून राहतात. लागतं ते माळवदाच्या घरात. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत झरोक्यातून येणारा तेवढाच एक कवडसा. तिथं मी १/३० आणि एफ २ वर काम करतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा उडत नाही, त्यामुळं १/३० हातात सहज धरता येतं आणि भिंतीला टेकून १/१५ सुद्धा जमतं. १.४ नं जो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, मिळाला असता तो भिंतीनं मिळवून दिला. शिवाय मोठी लेन्स खिडकीचा उजवा खालचा कोपरा झाकते. माझं मत स्पष्ट आहे, पहिली पन्नास एफ २ ची घ्या. ज्याचं बहुतेक काम रात्रीच्या जागरण-गोंधळातलं आहे, त्यानं खुशाल १.४ घ्यावी, त्याला कारण आहे.

पण लेन्सचं छिद्र मला अंतराइतकं महत्त्वाचं का वाटत नाही, ते ऊसतोड कामगारांच्या एका कोपीत, म्हणजे झोपडीत, कळलं. दसऱ्यानंतर बीड, केज, धारूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एका वर्षी मी कारखान्याजवळच्या त्यांच्या तळावर पहाटे गेलो. एक मावशी चुलीवर भाकरी थापत होत्या. मी दारातच थबकलो. त्या म्हणाल्या, "बसा की भाऊ, तिथंच." 'तिथंच' म्हणजे उंबऱ्याशी. चुलीपासून ते अंतर दोन मीटर असेल. कॅमेरा उभा धरला की पन्नासमध्ये बसलेलं माणूस, चूल आणि वर थोडा धूर, सगळं नीट मावतं. तीच चौकट मला पस्तीसनं हवी असती तर साठ सेंटिमीटर पुढं सरकावं लागलं असतं. ते साठ सेंटिमीटर त्यांच्या घराचे होते. त्यांनी मला जिथं बसवलं तिथूनच मला फोटो मिळाला, आणि त्या दिवसापासून माझ्या कॅमेऱ्यावरची पन्नास उतरली नाही.

याचा अर्थ ती सगळीकडं चालते असं नाही. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात ती काही कामाची नाही. मागं सरकायला कातळच आडवा येतो, तिथं अठ्ठावीस लागते. दोन खणांच्या घरात सात माणसांचं कुटुंब बसवायचं असेल तर पस्तीस बरी. आणि जवळ जायची एक मर्यादा आहे. जुन्या लेन्स एक मीटरच्या अलीकडं फोकस होत नाहीत, नव्या बहुतेक ०.७ मीटरपर्यंत. लहान मुलांचे फोटो काढणाऱ्यानं घेण्याआधी हा आकडा लेन्सवर वाचावाच.

आता जुन्या लेन्सबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांना त्याच परवडतात, म्हणून इथं थोडं थांबतो. झोर्की, फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांबरोबर येणारी ज्युपिटर-८ लेन्स ही मुळात सोनार घराण्याची. लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्ससाठी सोनार घडवली तेव्हा काचेवर कोटिंग नव्हतं. काच आणि हवा जिथं भेटतात तो प्रत्येक पृष्ठभाग थोडा उजेड परत फेकायचा. त्यांनी काचा एकमेकींना चिकटवून असे पृष्ठभाग सहावर आणले, म्हणून ती लेन्स त्या काळात इतकी तजेलदार ठरली. या घराण्यातल्या एफ १.५ च्या लेन्सचा मात्र एक स्वभाव आहे. छिद्र लहान करत गेलं की फोकस मागं सरकतो. एसएलआरवर हे डोळ्यांना दिसू शकतं, रेंजफाइंडरला त्याची खबरच नसते. एका कीर्तनकाराचा अख्खा रोल मी एफ २.८ वर काढला होता. फेट्याची मागची घडी धाग्यानिशी स्पष्ट, आणि डोळे मऊ. तो माणूस पुन्हा कधी भेटला नाही. तेव्हापासून सोनार वापरायची तर मी ती पूर्ण उघडी तरी ठेवतो किंवा एफ ५.६ च्या पुढं नेतो.

ज्युपिटर लायकावर लावणार असाल तर घेण्याआधी तपासाच, कारण त्यातल्या काहींचा फोकस लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. फिरवून बसवायची जुनी स्क्रूची लेन्स लायकाच्या एम कॅमेऱ्यावर बसवायला एक मिलिमीटर जाडीची रिंग लागते. ती पन्नासचीच मागा, नाहीतर खिडकीत भलतीच चौकट येते. आणि स्वस्त रिंगची जाडी केसभर जरी चुकली तरी सगळे फोटो चुकतात.

तपासणी घरच्या घरी होते. दूरचा विजेचा खांब बघा, अनंतावर दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. मग वर्तमानपत्र तिरपं ठेवून एक मीटरवरून, पूर्ण उघड्या छिद्रानं, एका ठरावीक ओळीवर फोकस करून फोटो घ्या. फिल्म धुतल्यावर तीच ओळ स्पष्ट आहे का ते बघा. लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, धुकट दिसलं तर आतलं तेल उडून काचेवर बसलेलं. आपली हवा कोरडी, त्यामुळं इथं जपलेल्या लेन्सवर बुरशी कोकणापेक्षा कमी. पण मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतं. काळ्या रानातली धूळ आधी फुंकणीनं उडवायची. उपरण्यानं पुसू नका. लायकाच्या जुन्या समार लेन्सच्या पुढच्या काचेसारख्या मऊ काचा एका पुसण्यातही ओरखडतात.

दाराजवळच्या टेबलावर कापलेल्या पत्रिका आणि सुतळीचा गुंडा ठेवला आहे. प्रत्येकानं एक घेऊन जा. गाठी मात्र घरी, पट्टी लावून स्वतःच मारा, आणि मोजताना पत्रिकेच्या कडेपासून मोजा.