दाराबाहेरचा आवाज

कोठडीत एक बंदी भिंतीवर डोकं आपटतोय. दाराबाहेर तीन रक्षक, तिघेही एकदम ओरडतायत. हा सराव आहे. बंदी झालेलाही रक्षकच. प्रशिक्षक शिट्टी मारून सगळ्यांना थांबवतो.

पहिली चूक आवाजांची. बोलायचं एकानंच. बाकीच्यांनी मागे सरायचं, वॉकीटॉकी बारीक करायचा. बोलणाऱ्यानं किंचित तिरपं उभं राहायचं, दोन्ही हात दिसतील असं. हाक नावानं, नंबरानं नाही. एक छोटं वाक्य, मग गप्प. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात शब्द उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात तोच हुकूम चढ्या आवाजात गेला, की झटापट ठरलेलीच.

त्याला कानात आवाज येत असतील तर वाद नको, होला होही नको. ‘मला ते ऐकू येत नाहीत, पण तुम्ही घाबरलायत हे दिसतंय,’ एवढं पुरे. मग सरळ विचारायचं: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्यानं ते डोक्यात भरेल, अशी भीती रक्षकांना वाटते. तसं होत नाही. तरी प्रश्न ओठांवर अडतोच, म्हणून वर्गात तो मोठ्यानं, पुन्हापुन्हा म्हणायला लावतात.

आत येऊन दोन-तीनच दिवस झालेत, हात थरथरतायत, घाम फुटलाय, नसलेलं दिसतंय? दारू एकदम तुटल्यानंही असं होतं. त्यात जीव जाऊ शकतो; डॉक्टर लगेच हवा.

धरावंच लागलं, तरी पालथं पाडून पाठीवर गुडघा नाही. ‘ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे’ ही समजूत घातक. हात आवरले, की लगेच कुशीवर.

नंतर त्याला एकांतात टाकणं सोपं वाटतं. कैद्यांना कसं वागवायचं, याचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे नियम आहेत, नेल्सन मंडेला नियम. त्यांतला ४५वा नियम सांगतो: एकांतवासानं मानसिक आजार बळावणार असेल, तर तो द्यायचाच नाही.

राहिली गस्त. दर १५ मिनिटांनी ठोक्याला फेरी झाली, तर मधला वेळ आतल्याला पाठ होतो. आणि श्वास कोंडला, तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. म्हणून फेऱ्या अनियमित, धोका मोठा असेल तर माणूस सतत नजरेसमोर. नोंदवहीत १०:००, १०:१५, १०:३० अशा सुबक वेळा दिसल्या, की शंका घ्यावी, त्या खुर्चीत बसून भरल्या असतील.

पाळी बदलताना ‘ढोंग करतोय’ असं लिहायचं नाही. लिहायचं ते असं: ‘सकाळपासून जेवला नाही. चादर फाडली. दोनदा आईचं नाव घेतलं.’ आणि येणाऱ्या रक्षकाला त्या दारापर्यंत सोबत न्यायचं.